होमबिल्टसाठी रेडीमेड टँक व्हेंट किट: नळी फर्स्ट क्लास, व्हॉल्व्ह बदला, माहितीपत्रक बाजूला ठेवा

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. होमबिल्ट म्हणजे घरी बांधलेल्या विमानाच्या पेट्रोलच्या टाकीत हवा येण्या-जाण्यासाठी जी नळी (व्हेंट) लागते, तिचं हे किट घ्यायला हरकत नाही, पण बसवायला घेण्याआधी त्यातले चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारे) काढा, जाळी बदला आणि सोबतच्या माहितीपत्रकातलं "नळीचं तोंड कुठे ठेवायचं" हे पान तर सरळ फाडून टाका. नळ्या, वाकवणी, फ्लेअर (नळीचं पसरवलेलं टोक), फिटिंग ही कामं मात्र इतकी सफाईदार आहेत की घरच्या वर्कशॉपमध्ये तेवढी जमवायला बराच माल वाया घालवावा लागेल. कंपनीचं नाव देत नाही, भांडण वस्तूशी आहे.

माझं विमान दोन सीटचं, हाय-विंग (पंख केबिनच्या वर), टेलव्हील (तिसरं चाक शेपटीखाली), दोन्ही पंखात ॲल्युमिनियमची साधारण पन्नास-पन्नास लिटरची टाकी, पुढे रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन. दोन्ही टाक्या एकदम चालू राहतात, मध्ये टाकी निवडायच्या सिलेक्टरची भानगड नाही, फक्त पेट्रोल बंद करायचा शटऑफ. प्लॅनमध्ये व्हेंटसाठी झाकणाला भोक आणि त्यावर पुढे तोंड केलेली वाकडी नळी एवढंच दाखवलंय, जे कित्येक विमानांवर वर्षानुवर्षं चालतंय, पण मला पंखाखाली तोंड असलेला व्हेंट हवा होता म्हणून हे किट मागवलं.

ज्यांनी अजून या विषयात डोकं घातलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी, नाही आली तर आत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल यायचं थांबतं. हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती लवकर थांबतं ते फार जण मोजत नाहीत. गुरुत्वाने येणारं पेट्रोल म्हणजे टाकी आणि कार्बोरेटरमधल्या उंचीचा खेळ, समजा ती उंची ६० सेंटीमीटर आहे, तर त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम ४ टक्के भरतो. म्हणजे टाकीतला दाब ४ टक्क्यांनी उतरला की खेळ खलास. टाकी चेपायच्या खूप आधी इंजिन बंद. पंप असला तर तो ओढत राहतो, पण मग त्याच्या अलीकडच्या लाइनमध्ये वाफ धरायला लागते, म्हणजे संकट फक्त थोडं पुढे ढकललं जातं.

आणि खरी गोम पुढे आहे. टाक्या निम्म्या रिकाम्या आहेत, दोन्ही मिळून वर ५० लिटर हवा आहे, व्हेंट पूर्ण बुजलाय. ढोबळ हिशोबाने २ लिटर पेट्रोल खर्च होईपर्यंत काहीच जाणवणार नाही. ९१२ यूएलएस टेकऑफ पॉवरला तासाला साधारण २७ लिटर घेतं, म्हणजे २ लिटर जायला चार-साडेचार मिनिटं. इंजिन गरम केलं, टॅक्सी केली, दोन्ही इग्निशन तपासली, सगळं झकास, आणि रनवे सोडून थोडं वर गेलं की खोकला. ग्राउंड रन नीट झाला म्हणजे व्हेंट मोकळा आहे असं समजणारे लोक मी बघतो तेव्हा पोटात गोळा येतो.

आता किटकडे. डब्यात दोन पंखांसाठी दोन तयार वाकवलेल्या ६ मिलिमीटरच्या आसपासच्या मऊ ॲल्युमिनियमच्या नळ्या, पंखाखाली लोंबणारी ४५ अंशात तिरकी कापलेली दोन तोंडं, त्यात बसवलेली स्टेनलेसची जाळी, दोन चेक व्हॉल्व्ह, बल्कहेड फिटिंग (पत्र्यातून नळी पार न्यायचे जोड), रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायची कडी), क्लॅम्प, दोन लाल प्लग आणि ते माहितीपत्रक. पॅकिंग उत्तम, प्रत्येक टोकाला टोपी, आत भुगा नाही, कडांवर बर (कापल्यावर राहणारी खरबरीत धार) नाही. फ्लेअर ३७ अंशाचे, विमानात वापरतात त्या एएन मापाच्या फिटिंगला लागतात तसेच, एकसारखे, कुठे चीर नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण गाड्यांच्या ब्रेकलाइनचं फ्लेअरिंग टूल ४५ अंशाचं असतं आणि घरात तेच पडलेलं असतं, ते वापरून केलेला फ्लेअर एएन फिटिंगवर आवळला की बसल्यासारखा वाटतो आणि बसत नाही. निदान या किटमध्ये तो घोळ होत नाही. क्लॅम्पच्या आतली रबराची गादी पण पेट्रोलला न फुगणारी आहे, एक तुकडा मी कापून पेट्रोलच्या बाटलीत बरेच दिवस टाकून ठेवला होता, काही झालं नाही त्याला.

मग चेक व्हॉल्व्ह. हा किटचा सगळ्यात मिरवलेला भाग आणि सगळ्यात कच्चा. कल्पना अशी की हवा आत येऊ द्यायची पण पेट्रोल बाहेर जाऊ द्यायचं नाही, म्हणून आत एक पातळ फडकी, बाहेरून दाब आला की उघडते, आतून आला की मिटते. कल्पना चांगलीच आहे, सेसना १७२ या छोट्या विमानाला पण डाव्या पंखाखालच्या व्हेंटला असा व्हॉल्व्ह असतो. पण त्या व्हॉल्व्हला एक बारीक भोक ठेवलेलं असतं, जे कायम उघडं. या किटच्या व्हॉल्व्हला ते भोकच नाहीये. टाकीच्या बाजूने तोंड लावून फुंकलं तर गाल फुगतात, हवा काही पलीकडे जात नाही. माहितीपत्रकात हे अभिमानाने लिहिलंय, "एक थेंबही बाहेर नाही".

अहो पण थेंब बाहेर जायलाच हवा कधीतरी! पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. गार पेट्रोलने ५० लिटरची टाकी गळ्यापर्यंत भरली आणि विमान उन्हात उभं राहून २० अंश तापलं तर लिटरभर पेट्रोल जास्तीचं झालं, ते जाणार कुठे? टाकीत थोडी हवा असली तरी ती हवा तापते, वाफ वाढते, आणि गाडीचं पेट्रोल वापरत असाल तर वाफ एव्हगॅसपेक्षा (विमानाच्या पेट्रोलपेक्षा) जास्त. टाकीची बाजू ९० बाय ४० सेंटीमीटर धरा, आत फक्त १ पीएसआय (चौरस इंचाला एक पौंड) दाब वाढला तर त्या एका पत्र्यावर अडीचशे किलोचा भार येतो. पातळ पत्रा, रिव्हेट आणि सीलंट यांच्या जिवावर हे सगळं. बाहेर येऊन जमिनीवर पडलेलं पेट्रोल कटकट आहे, पण शिवणीतून पंखात झिरपलेलं पेट्रोल आग आहे.

हे नुसतं तोंडाने फुंकून सोडलं नाही, टेबलावर मोजलं. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधायची, त्यात रंगीत पाणी, एक टोक व्हॉल्व्हला, आणि हळूहळू दाब वाढवत बघायचं की फडकी कधी उघडते. याहून स्वस्त आणि याहून खरं बोलणारं यंत्र नाही. पहिला व्हॉल्व्ह ३ सेंटीमीटर पाण्याच्या दाबाला उघडला, चला ठीक आहे. दुसरा उघडेचना, ८ सेंटीमीटरच्या जवळ जाऊन एकदम "टप" करून उघडला आणि परत मिटताना अडकत अडकत मिटला. फडकीच्या कडेला मोल्डिंगची शेपटी राहिली होती, भिंगातून दिसते, नुसत्या डोळ्याने नाही. आता कोणी म्हणेल की ५ सेंटीमीटर पाण्याचा फरक म्हणजे काय मोठं. दोन्ही टाक्या खाली जोडलेल्या असतात तेव्हा हा ५ सेंटीमीटर पाण्याचा फरक म्हणजे पेट्रोलच्या पातळीत ७ सेंटीमीटरचा फरक, कारण एव्हगॅस पाण्यापेक्षा हलकं, साधारण ०.७२. माझी टाकी आहेच मुळी १५ सेंटीमीटर खोल. म्हणजे एक टाकी निम्मी खाली उतरल्याशिवाय दुसरी हलणारच नाही. "माझी डावी टाकी आधी का संपते" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी पाइपचा व्यास बघण्याआधी व्हेंट बघावा, दहातले नऊ वेळा उत्तर तिथेच असतं.

कंपनीला मेल केला, फोटो आणि आकडे दिले. उत्तर लवकर आलं, भाषा गोड, मजकूर असा की व्हॉल्व्ह डिझाइनप्रमाणेच आहे आणि दुसरा बदलून देतो. बदलून आलेला ४ सेंटीमीटरला उघडला. भोकाबद्दल मात्र चकार शब्द नाही. फडकीला स्वतः भोक पाडायचा सल्ला मी देणार नाही, इतक्या पातळ रबराला भोक पाडलं की तिथून चीर पुढे सरकते. मी दोन्ही व्हॉल्व्ह काढून त्यांच्या जागी सरळ नळी टाकली आणि नळीलाच टाकीच्या वर एक उंच वळसा दिला. वळशाचं काम एवढंच की पेट्रोल हलून नळीत शिरलं तरी सायफन (आपोआप उपसा) चालू होऊ नये. फडकी नाही, मग अडकणार काय.

वळशावरून आठवलं, तयार वाकवलेल्या नळीत एक बारीक खोट आहे जी फक्त टेलव्हीलवाल्यांना छळेल. नळी टाकीच्या वरून निघते, मागे जाते, वर चढते आणि खाली उतरते. विमान सपाट असताना हे सगळं बरोबर. पण टेलव्हील जमिनीवर बसलं की नाक वर, शेपूट खाली, आणि मागे जाणारा तो सरळ तुकडा उताराचा होऊन त्याच्या टोकाला, चढायच्या आधी, खळगा तयार होतो. पावसाळी दमट हवेत रात्रभर उभ्या विमानाच्या नळीत दव धरतं आणि ते पाणी बरोबर त्या खळग्यात साचतं. उंचावर ते गोठलं की नळीला बूच. अमेरिकेच्या एफएए या विमान नियामकाच्या जुन्या पार्ट २३ मध्ये, म्हणजे छोट्या विमानांच्या नियमांत, हे स्पष्ट लिहिलेलं होतं की व्हेंट लाइनमध्ये जमिनीवर किंवा सपाट उड्डाणात पाणी साचेल अशी जागा नको, असेल तर तिथे निचरा हवा. २०१७ साली तो पार्ट नव्याने लिहिला आणि असले बारीक नियम त्यातून गेले, शिवाय होमबिल्टला ते तसेही लागू नव्हते, पण जुना मजकूर शोधून वाचाच. टाकीच्या क्षमतेच्या २ टक्के मोकळी जागा फुगण्यासाठी, व्हेंट त्या मोकळ्या जागेच्या वरच्या भागातून, १ टक्का उतारावर कुठेही तोंड करून उभं केलं तरी फुगण्याव्यतिरिक्त पेट्रोल सांडता कामा नये, बाहेर पडलेलं पेट्रोल आग लागेल अशा जागी नको, वास केबिनमध्ये नको. अर्ध्या पानात सगळं शहाणपण. किटच्या माहितीपत्रकाची बारा पानं आहेत आणि त्यात यातलं निम्मंही नाही. नळीचा तो तुकडा मी बेंडरवर थोडा उचलून घेतला, मऊ माल असल्यामुळे सहज झालं.

आता ते पान, जे फाडा म्हटलं. त्यात लिहिलंय की तोंड पंखाखाली "सोयीच्या जागी" बसवा. सोयीच्या? व्हेंटमध्ये सगळं काही तोंडाच्या जागेवर असतं, बाकी नळी म्हणजे नळी. पुढे तोंड केलेल्या नळीत वाऱ्याचा दाब भरतो, ताशी १८० किलोमीटरला तो साधारण १५ सेंटीमीटर पाण्याएवढा, पेट्रोलच्या उंचीत मोजला तर २१ सेंटीमीटर. ही फुकटची मदत, टाकीत कायम थोडा जास्तीचा दाब. पण एका बाजूचं तोंड स्ट्रटच्या (पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याच्या) मागच्या खवळलेल्या हवेत आणि दुसरं स्वच्छ हवेत, किंवा एक सरळ पुढे आणि दुसरं बोटभर वाकडं असलं की दोन टाक्यांना वेगवेगळा दाब, आणि परत तीच "डावी आधी संपते" ची रडगाणी. उलट पंखाच्या वरच्या बाजूला, जिथे हवा ओढून घेते, तिथे झाकण नीट बसलेलं नसेल तर टाकीतून पेट्रोल अक्षरशः उपसलं जातं, आणि हाय-विंगमध्ये पायलटला ते दिसतही नाही.

सेसनाने व्हेंट स्ट्रटच्या मागे ठेवलाय हे बघून काही जण तसंच करतात. सेसनाने ती जागा बर्फ तोंडावर चढू नये म्हणून शोधलेली आहे, स्ट्रट आडोसा देतो. पण तो आडोसा त्यांच्या स्ट्रटचा, त्यांच्या अंतराचा. तुमच्या विमानावर "साधारण तिथेच" लावलं तर ना धड आडोसा ना धड दाब. मी दोन्ही बाजूंना स्ट्रटपासून लांब, पंखाच्या कातडीपासून खाली स्वच्छ हवेत, आणि दोन्ही तोंडं एकाच फळीचं टेम्प्लेट लावून तंतोतंत सारख्या कोनात बसवली. या एका कामाला किटच्या बाकी सगळ्या कामांपेक्षा जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. व्हॅन्स या होमबिल्ट विमानांची किट बनवणाऱ्या कंपनीच्या आरव्ही मालिकेतल्या लो-विंग विमानांत नळी केबिनच्या बाजूने वर जाऊन परत खाली येते आणि फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) पोटाखाली ४५ अंशाच्या तोंडाने संपते, दोन्ही तोंडं जवळजवळ एकाच हवेत, ती रचना मला फार आवडते, पण हाय-विंगला तशी उचलता येत नाही.

बर्फासाठी किटमध्ये काहीच सोय नाही. तोंड बुजलं तर दुसरा रस्ता हवा. साधा उपाय जुना आहे, नळीच्या मागच्या बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला, बारीक भोक. दीड मिलिमीटरचं ड्रिल पुरतं. इतक्याशा भोकाने काय होणार असं वाटेल, पण इंजिन पिऊन पिऊन मिनिटाला अर्धा लिटर पिणार, तेवढी हवा त्या भोकातून जाताना सेंटीमीटरभर पाण्याचाही दाब खात नाही.

भोक कमी पडायची वेळ येते ती उतरताना, आणि ही गोष्ट मी कुठल्याही किटच्या कागदावर वाचलेली नाही. खाली येताना बाहेरचा दाब वाढत जातो, समुद्रसपाटीजवळ हजार फुटाला साडेतीन टक्के. टाक्या जवळजवळ रिकाम्या, आत ९०-१०० लिटर हवा, मिनिटाला हजार फूट उतरताय, तर मिनिटाला साडेतीन लिटर हवा आत यायला हवी. इंजिनाच्या गरजेच्या सातपट! म्हणजे व्हेंटची खरी परीक्षा चढताना नाही, उतरताना, तेही पेट्रोल कमी असताना, म्हणजे नेमकं लँडिंगच्या आधी. पाव इंची मोकळ्या नळीला हे काहीच नाही, मीटरला सेंटीमीटरभर पाण्याचा दाब जातो. दीड मिलिमीटरच्या भोकातून मात्र हिशोबाने वीस-बावीस सेंटीमीटर. बर्फाच्या दिवशी व्हेंटची शंका आली तर हळू उतरायचं ते यासाठी.

जाळी. तोंडात बसवलेली स्टेनलेसची जाळी इतकी बारीक आहे की चहाच्या गाळणीने लाजावं. किडे अडतात हे खरं, आणि किडे हा काही विनोदाचा विषय नाही, कुंभारीण माशीला ६ मिलिमीटरची नळी म्हणजे आयतं घर, एका दिवसात चिखलाने बंद करते. पण इतक्या बारीक जाळीवर दमट गारठ्यात बर्फाचा पापुद्रा आधी धरतो आणि धूळ-तेलाचा थर कायम. मी ती उपटून जाडसर भोकांची टाकली, माशी शिरणार नाही आणि फुंकर अडणार नाही एवढी. उपटताना कळलं की ती नुसती दाबून बसवलीये, चिकटवलेली नाही, हे चांगलंच आहे, कारण बदलता येते.

पाइप फिटिंग झाल्यावर गळती तपासायला माहितीपत्रक म्हणतं "कमी दाबाची हवा वापरा". किती कमी ते नाही. कृपा करून टाकीला कॉम्प्रेसरची नळी लावू नका, रेग्युलेटर असला तरी नको, वरचा अडीचशे किलोचा हिशोब आठवा. एका फिटिंगवर फुगा बांधा, दुसरीकडून सायकलच्या पंपाने सावकाश हवा, यू नळी जोडलेली, ७० सेंटीमीटर पाणी म्हणजे १ पीएसआय, तिथपर्यंत जायची सुद्धा गरज नाही. फुगा रात्रभर टिकला की झालं, फक्त तापमान बदललं तर फुगा लहान-मोठा होतो, त्याने घाबरू नका.

आणि फ्लो टेस्ट, म्हणजे इंजिनापर्यंत पेट्रोल किती वेगाने पोचतं त्याची चाचणी. गुरुत्वाने येणाऱ्या लाइनला टेकऑफच्या खपाच्या १५० टक्के, पंपाच्या लाइनला १२५ टक्के प्रवाह मिळाला पाहिजे हे प्रमाण सगळीकडे चालतं. माझ्या इंजिनाला म्हणजे तासाला अनुक्रमे ४० आणि ३४ लिटरच्या आसपास. नाक कमाल चढाईच्या कोनात वर करून, पेट्रोल अगदी कमी ठेवून करायची. आता बहुतेक जण काय करतात, वरून पेट्रोल ओतत असतात म्हणून झाकण उघडंच ठेवतात. झाकण उघडं ठेवून केलेली टेस्ट व्हेंटबद्दल काहीच सांगत नाही! झाकण बंद करून करा, मग व्हेंटच्या तोंडावर बोट ठेवून फक्त मागच्या भोकावर करा, आणि बराच वेळ चालू द्या, पहिल्या मिनिटाचा आकडा लिहून उठू नका, कारण निर्वात हळूहळू वाढतो. या किटच्या नळीने माझ्याकडे आकडा मिनिटांमागून मिनिटं जागचा हलला नाही, भोकावर पण नाही. याचे पूर्ण मार्क.

रोटॅक्सवाल्यांसाठी अजून एक. ९१२ ला रिटर्न लाइन असते, पंपाने आणलेलं जास्तीचं पेट्रोल परत टाकीत जातं. ते सगळं एकाच टाकीत जात असेल आणि ती आधीच भरलेली असेल तर व्हेंटमधून हवेऐवजी पेट्रोल बाहेर येणार, किट कितीही चांगलं असो. दोन्ही टाक्यांच्या वरच्या हवेला जोडणारी एक आडवी नळी असेल तर दाब सारखा राहायला मदत होते, या किटमध्ये ती नाही, वेगळी करावी लागली, जुळणारी फिटिंग त्याच कंपनीकडे सुटी मिळाली आणि तंतोतंत बसली.

उड्डाणात कसं आहे? दोन्ही टाक्या बरोबरीने उतरतात, बॉल (विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारा) मधोमध ठेवला तर गेजमध्ये फरक दिसत नाही. लांब स्लिप केली, म्हणजे विमान मुद्दाम आडवं घसरवलं, की एका बाजूचा दाब बदलतो आणि थोडा फरक पडतो, सरळ उडत राहिलं की भरून निघतो. केबिनमध्ये वास नाही, नळी पंखातून बाहेर येते तिथलं ग्रोमेट घट्ट आहे, मी वरून सीलंट लावलंय. गळ्यापर्यंत भरून उन्हात ठेवलं तर उतारावरच्या बाजूच्या तोंडातून थेंब पडतात, पडू देत, तिथे खाली एक्झॉस्ट नाही आणि टायरही नाही. ज्यांना थेंब बघवत नाहीत त्यांनी थोडं कमी भरावं.

ज्यांच्याकडे बेंडर आणि चांगलं फ्लेअरिंग टूल आहे आणि हात बसलाय, त्यांना या किटची गरज नाही, सुटा माल घेऊन यातलं सगळं करता येतं. ज्यांचं हे पहिलंच विमान आहे त्यांना नळ्या आणि फिटिंगसाठी घ्यायला मी सांगेन, व्हॉल्व्ह शोकेसमध्ये ठेवा. पाचातले साडेतीन स्टार, व्हॉल्व्हला भोक दिलं आणि ते पान नीट लिहिलं तर साडेचार देईन.

आणि ते लाल प्लग, विमान उभं असताना तोंडात घालायचे. रंग छान, लांब लाल फीत छान, लांबून दिसतात. पण हवाबंद आहेत, म्हणजे उन्हात उभ्या विमानाला परत तीच शिक्षा जी व्हॉल्व्हने दिली असती. प्लगच्या मधोमध आरपार बारीक भोक पाडा आणि आतल्या टोकाला जाळीचा तुकडा चिकटवा, माशी बाहेर आणि हवा मोकळी.